काकूंच्या डोक्यावरचं ओझं आधी मोजा

*ताई, नमस्कार. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. बारा वर्षं सेविका होते, परीक्षा दिली आणि दोन वर्षांपूर्वी मुख्यसेविका झाले. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं बीट माझ्याकडे आहे, 27 अंगणवाड्या. सुरुवातीला बैठकीला सगळ्या जणी हसत यायच्या, डबे एकत्र खायच्या. आता सही करतात आणि निघतात. मी काही विचारलं की 'हो मॅडम' एवढंच. रोज रात्री नऊच्या सुमाराला वरून लाल यादी येते. कुणाचं वजन भरायचं राहिलं, कुणाची चेहरा-पडताळणी राहिली, कुणाची गृहभेट राहिली. मी ती दहा वाजता आमच्या ग्रुपवर टाकते. न टाकून काय करू? उद्या मलाच विचारतात.*

*आमच्यात एक जुन्या सेविका आहेत, सगळ्या त्यांना काकू म्हणतात. माझ्या सगळ्यात भरवशाच्या. शेजारच्या तांड्यावरची सेविका निवृत्त झाली, तेव्हापासून आठ महिने तो कार्यभार काकूंकडेच आहे. चार जणींना फोन जमत नाही, त्यांच्या नोंदीही काकूच करून देतात. बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं कामही आहे. मागच्या बैठकीत त्यांनी रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, 'मॅडम, माझ्याच्यानं होत नाही आता.' आणि रडल्या. मला काही सुचलं नाही.*

*मी प्रयत्न करत नाही असं नाही. सगळ्यांचे वाढदिवस साजरे करते. 'महिन्याची उत्कृष्ट सेविका' असं प्रमाणपत्र सुरू केलं, तीनदा ते काकूंनाच मिळालं. मी काम करून घेऊ की मनं सांभाळू? दोन्ही एकदम कसं करायचं?*
*– एक पर्यवेक्षिका*

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी कागद घेतला आणि काकूंकडे काय काय आहे ते तुमच्याच ओळींवरून लिहून काढलं. स्वतःची अंगणवाडी. तांड्यावरची अंगणवाडी. चार जणींच्या फोनवरच्या नोंदी. मतदार यादी. नोंदींपुरतं बोलायचं तर तुमच्या 27 अंगणवाड्यांपैकी सहा एका बाईच्या हातात आहेत, आणि त्यातल्या दोन ठिकाणी मुलांना जेवू घालणं, शिकवणं, वजन घेणं, घरोघरी जाणं हे सगळंही तिलाच करायचं आहे. हा हिशोब तुमच्या पत्रातच होता, पण तुम्ही तो एका ठिकाणी मांडून पाहिला नव्हता. त्या दिवशी काकूंनी तो रजिस्टरच्या रूपात तुमच्या टेबलावर ठेवला.

म्हणून काम की मनं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या प्रश्नात शोधणार नाही. तुमच्या बीटमध्ये मनं मोडली ती कामाच्या वाटणीमुळे. वाटणी तशीच ठेवून वरून केक कापला तर बायकांना ते कळतं. त्या काही बोलणार नाहीत, कारण तुमचा हेतू वाईट नाही हेही त्यांना दिसतं. पण डबा उघडायला कुणी थांबणार नाही.

मी याच खात्यात आधी मुख्यसेविका आणि मग प्रकल्प अधिकारी म्हणून आयुष्य काढलं. माझ्या काळात फोन नव्हते, रजिस्टरं होती. एक चूक मीही केली, ती सांगते, कारण तुम्ही त्याच वाटेवर उभ्या आहात. माझ्याकडे एक अशीच सेविका होती. कधी नाही म्हणायची नाही. दोन-अडीच किलोमीटरवरच्या वस्तीवरची जागा रिकामी झाली, मी कार्यभार तिला दिला आणि विसरले. अहवाल वेळेवर येत होते, मला आणखी काय हवं होतं? दीड वर्षाने एकदा वस्तीवर अचानक गेले आणि सहज म्हणून काटा लावला. रजिस्टरमध्ये एका मुलीचं वजन नऊ किलोच्या वर होतं. काट्यावर ती आठसुद्धा भरली नाही. मागची पानं पाहिली. तीन महिने प्रत्येक मुलाचं वजन मागच्या महिन्यापेक्षा शंभर-दोनशे ग्रॅमने वाढलेलं, इतकं नीट की कुठलंच खरं मूल तसं वाढत नाही. मी तिला नोटीस काढायला निघाले होते. ती एवढंच म्हणाली, 'बाई, मी एका दिवशी दोन्हीकडं कशी असणार होते?' कार्यभाराच्या आदेशावर सही माझी होती.

त्या मुलीला आम्ही उपचाराला पाठवलं, ती सावरली. पण मधले तीन महिने तिचे गेले होते आणि ते परत आणून देता आले नाहीत.

ताई, हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या लाल यादीत सगळ्यात मोठा धोका काय आहे ते दिसावं म्हणून सांगते. एखादीला झेपेल त्यापलीकडचं काम दिलं आणि रोज रात्री तिचं नाव चारचौघींत लाल केलं, तर एक दिवस ते नाव हिरवं होतं. ते कशाने हिरवं झालं हे यादी सांगत नाही. दंडघेराची पट्टी 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेली की मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम, आणि 11.5 ते 12.5 मध्ये आलं की मध्यम. तीव्र कुपोषित आणि धोक्याबाहेर यांतलं अंतर केवढं, तर एक सेंटिमीटर. दमलेल्या, घाबरलेल्या हाताने पट्टी लावली किंवा लावलीच नाही, तर ते एक सेंटिमीटर कागदावर सहज भरून निघतं. तुमच्या सेविकांचं मन सांभाळणं हे मला म्हणूनच जिव्हाळ्याचं काम वाटतं. त्या मनाच्या पलीकडे एक मूल उभं असतं.

आता काय करायचं ते बोलू.

सगळ्यात आधी एक पूर्ण दिवस एका सेविकेबरोबर बसा. भेट देऊन, शेरा लिहून निघायचं असं नाही. कुलूप उघडण्यापासून ते ती घरी जाऊन फोन चार्जिंगला लावेपर्यंत. आणि काकूंकडे बसू नका, त्यांना तुमच्या नजरेचं आणखी एक ओझं नको. मध्यम काम करणारी एखादी निवडा. वहीत वेळ लिहीत जा. झाडलोट किती वेळ, कारण मदतनीस नाही. मुलांना वस्तीवरून आणायला किती. बचत गटाचा आहार यायची वाट किती. पूर्वशालेय शिक्षण प्रत्यक्षात किती मिनिटं झालं. हजेरीचा फोटो अपलोड होईपर्यंत ती अंगणात रेंज शोधत किती फिरली. तुम्ही बारा वर्षं हे केलंय, मला ठाऊक आहे. पण तुम्ही सेविका म्हणून जे काम सुरू केलं ते आजचं काम नव्हे. 2021 साली पोषण ट्रॅकर हे नोंदींचं अ‍ॅप आलं आणि त्याच वर्षी राज्यभर सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारी मोबाइल परत केले होते, ते तुम्हाला आठवत असेल. कदाचित तुमचाही फोन त्यात असेल. त्यानंतर आधार जोडणी आली, ई-केवायसी आली, 2024 मध्ये लाडकी बहीणचे अर्ज आले, 2025 मध्ये घरपोच आहारासाठी चेहरा ओळख आली. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे काही ना काही कारण होतं. पण नवीन काम आलं म्हणून जुनं कुठलं काम कमी झालं? माझ्या माहितीत तरी फारसं नाही.

त्या वहीतून तुम्हाला दोन गोष्टी मिळतील. एक, कुठलं काम खरोखर वेळ खातं ते. दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. ती सेविका संध्याकाळी शेजारच्या गावच्या सेविकेला फोन करून सांगेल, 'मॅडम आज पूर्ण दिवस बसल्या होत्या, लिहून घेत होत्या.' चार दिवसांत सगळ्या बीटला कळेल की आपलं काम कुणीतरी मोजतंय.

मग वाटणी. काकूंकडून आठ महिन्यांचा कार्यभार काढायचा तर तो कुणाकडे द्यायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. रिकामी जागा भरणं तुमच्या हातात नाही, पण त्या जागेचा पाठपुरावा लेखी करणं हातात आहे. भरती होईपर्यंत तीन-तीन महिन्यांची पाळी लावा. तांड्याच्या जवळच्या तीन अंगणवाड्या निवडा आणि आज कुणाची पाळी, पुढे कुणाची, हे बैठकीत सगळ्यांसमोर तारखांसह ठरवा. शेवट दिसणारं ओझं माणूस उचलतो. काकूंना मोडलं ते कामाने तर खरंच, पण त्याहून जास्त या गोष्टीने की हे कधी संपणार ते त्यांना कुणी सांगितलं नाही. अतिरिक्त कार्यभाराचं जे काही देय असेल त्याचा प्रस्ताव त्याच महिन्यात पाठवा आणि पाठवल्याची प्रत त्या बाईच्या हातात द्या. प्रमाणपत्रापेक्षा त्या प्रतीची घडी ती जास्त जपून ठेवेल.

पाळी लावताना नुसती अंगणवाड्यांची संख्या मोजू नका. सडकेवरच्या गावातली, एकाच गल्लीत पंचवीस मुलं आणि मदतनीस हाताशी, ती एक अंगणवाडी. आणि तीन वस्त्यांवर पसरलेली साठ मुलं, मध्ये ओढा, मदतनीसची जागा रिकामी, तीही एकच अंगणवाडी. आपल्या यादीत दोघींची ओळ सारख्याच उंचीची असते. तुम्ही तुमच्यापुरती वेगळी यादी करा. मुलं किती, वस्त्या किती, मदतनीस आहे का, रेंज येते का, घरात कुणी आजारी आहे का, बीएलओचं काम आहे का. एका पानावर मावेल. नवीन काम आलं की ते पान समोर ठेवून ठरवा. 'अमुक करेल, ती कधी नाही म्हणत नाही' हे वाक्य मनात आलं की थांबा. मी ते दीड वर्ष थांबवलं नव्हतं.

फोन न जमणाऱ्या चौघींचं काय? त्यांच्या नोंदी काकू करतात, त्यामुळे त्या चौघी शिकत नाहीत आणि काकू सुटत नाहीत. त्या चौघींनाही यात मान नाही, हे लक्षात घ्या. पन्नाशी उलटलेली, सातवी शिकलेली बाई, जिने गावातली निम्मी तरुण मंडळी मांडीवर खेळवली, ती आपला फोन दुसरीच्या हातात देते तेव्हा तिला काय वाटत असेल? त्यांना प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये चाळीस जणींत बसवू नका. एकीला एक जोडीदार द्या, शक्यतो घरातली किंवा गावातली. बारावी झालेली मुलगी किंवा सून चालेल. पासवर्ड आणि ओटीपी मात्र सेविकेच्याच हातात राहू दे. एका आठवड्यात एकच गोष्ट शिकायची: या आठवड्यात फक्त हजेरी, पुढच्या आठवड्यात फक्त वजन. महिना-दीड महिना त्यांच्या नोंदी मागे राहतील. तेवढे दिवस त्यांच्या नावाची लाल ओळ तुम्ही स्वतःवर घ्या, आणि प्रकल्प अधिकाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

इथे मी रात्रीच्या दहाच्या त्या मेसेजकडे येते. तुम्ही लिहिलंय, 'न टाकून काय करू?' ताई, वरून आलेली यादी जशीच्या तशी खाली पाठवायला पर्यवेक्षिका लागत नाही. ते काम फोन एकटा करतो. साधारण पंचवीस अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका या योजनेत ठेवली ती मध्ये कुणीतरी विचार करणारं माणूस असावं म्हणून. शेतात पाणी सोडताना दार्‍यावर माणूस उभा असतो ना, कुठल्या वाफ्याला किती, आणि कुठला आधीच भिजलाय ते बघायला, तसं.

नऊ वाजता यादी आली की ती वाचा आणि झोपा. सकाळी तिच्यातली नावं तीन प्रकारांत पाडा. काही माहिती तुमच्याकडे आधीच असते. ट्रॅकरवर तुम्हाला दिसते, मागच्या मासिक अहवालात असते. ती तुम्ही भरा. एकच आकडा चार वेगवेगळ्या नमुन्यांत मागितला जातो, हा प्रकार माझ्या काळातही होता. त्यासाठी सत्तावीस बायकांनी सत्तावीस वेळा रजिस्टर उघडायची गरज नसते, तुमचा अर्धा तास पुरतो. काही नावं अडचणीमुळे लाल असतात, आळसामुळे नव्हे. ती अडचण एकदाच सोडवायची असते. खरंच कामात ढिलाई असलेली नावं उरतात ती तीन-चार. त्यांच्याशी फोनवर, एकेकीशी बोला. ग्रुपवर कुणाचंही नाव लाल करून टाकू नका. गावातल्या बाईची सासू, नवरा, मुलगा हाच फोन बघतात. तिथे तिचा अपमान तिच्या घरात होतो.

अडचण एकदाच सोडवायची म्हणजे काय, त्याचं उदाहरण देते. चेहरा-पडताळणी अडते ती बहुतेक वेळा आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसल्यामुळे, किंवा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो आणि नवरा कामाला परगावी असतो म्हणून. सेविका रोज त्या घराच्या पायऱ्या झिजवते. ती काहीही करू शकत नाही, कारण आधार तिच्या हातात नाही. तुम्ही मात्र गावातल्या डाकघराशी बोलू शकता. 2021 पासून पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक आधारला मोबाइल नंबर जोडून देतात. किंवा प्रकल्प अधिकाऱ्यांकडून तहसीलला पत्र देऊन दोन गावं मिळून आधारचं शिबिर मागू शकता. एका दिवसात जेवढी नावं हिरवी होतील तेवढी तुमच्या तीन महिन्यांच्या मेसेजनी झाली नसतील. आणि सेविकांना दिसेल की मॅडमनी आमच्या पायातला एक काटा काढला.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे जी शहरातल्या बैठकीत बसलेल्या माणसाच्या लक्षात येणार नाही. दसरा झाला की टोळ्या निघतात. ऊस तोडायला आई-बाप कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात जातात आणि लहान मुलं बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये बरोबर जातात. मग हजेरी पडते, वजनं राहतात, घरपोच आहार पडून राहतो, आणि सेविकेचं नाव मार्चपर्यंत लालच राहतं. जे मूल गावातच नाही त्याच्यासाठी तिला रोज उत्तर द्यावं लागतं. ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करायची सोय आहे. टोळ्या निघायच्या आधीच प्रत्येक गावात मुकादमाला भेटून यादी करा. कुठलं कुटुंब, कुठल्या कारखान्याकडे, बरोबर कोण लेकरं, आजी-आजोबांकडे कोण राहणार. जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं वजन आणि दंडघेर निघण्याआधी घ्या, आईच्या हातात कार्ड द्या. हे काम मोठं आहे, मी कमी सांगत नाही. पण त्यानंतरचे पाच महिने तुमच्या सेविकांवरचा खोटा ठपका उतरेल आणि तिकडच्या एखाद्या अंगणवाडीत त्या मुलाला निदान आहार मागता येईल. हे आठवडाभर चालू असताना बाकीचं सगळं मागे ठेवा, आणि मागे ठेवलंय हे तुम्ही स्वतः वर कळवा.

वर बोलायचं कसं, याची तुम्हाला भीती वाटत असणार. मलाही वाटायची. एक शिकले: तक्रार घेऊन गेलं की साहेब कंटाळतात, आकडे घेऊन गेलं की ऐकतात. 'सेविका फार दमल्यात' असं म्हणू नका. ती एक दिवसाची वही आणि ते एक पान पुढे ठेवा. म्हणा, 'सर, एवढ्या अंगणवाड्यांत मदतनीस नाही, एवढ्या ठिकाणी रेंज नाही, एवढी मुलं स्थलांतरित आहेत. या महिन्यात मी वजनं आणि सॅमची मुलं शंभर टक्के खरी देते, बाकीचं पुढच्या महिन्यात देते. चालेल?' कधी नाही म्हणतील. मग विचारा, 'मग यातलं आधी काय हवं?' हा प्रश्न विचारायला लाजू नका. आधी काय आणि नंतर काय हे ठरवायची जबाबदारी त्यांचीही आहे. आजवर ती काकूंनी एकटीने, रात्री अकरा वाजता, आपल्या स्वयंपाकघरात बसून घेतली.

बैठकीबद्दल थोडं. तुम्ही लिहिलंत की आता सही करून निघतात. मला सांगा, त्या बैठकीत असतं काय? मागे राहिलेल्यांची नावं, पुढच्या महिन्याच्या सूचना, नवा नमुना. एखादी बाई वीस रुपये खर्चून, वडापला लोंबकळून, ऐकून घेण्यासाठी का थांबेल? पुढच्या बैठकीची पहिली वीस मिनिटं फक्त मुलांवर बोला. एखादीला उभं करा आणि विचारा, त्या सॅमच्या लेकराचं काय झालं, वजन कसं वाढलं, आईला काय सांगितलं, सासू ऐकत नव्हती ती कशी ऐकली. तुम्ही सेविका होतात. तुम्हाला माहीत आहे की ही बाई तुटपुंज्या मानधनावर टिकून राहते ती कशामुळे. हाडं दिसणारं लेकरू दोन महिन्यांनी गुबगुबीत होऊन तिच्या पदराला ओढतं, त्यामुळे. ते तिचं खरं कौतुक आहे आणि ते तिला चारचौघींत सांगायला मिळायला हवं. 'उत्कृष्ट सेविका' बंद केलंत तरी चालेल. ते प्रमाणपत्र एकीला मिळतं आणि सव्वीस जणींना मिळत नाही. शिवाय तुमच्याकडे त्याचा अर्थ असा झालाय की ज्या बाईला ते मिळालं तिच्यावर पुढच्या महिन्यात आणखी काम येतं.

वाढदिवस चालू ठेवा. त्यात वाईट काही नाही. फक्त त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

तुम्ही स्पष्ट लिहिलं नाहीत, पण पत्रातून जाणवलेली एक गोष्ट उरते. डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या संपात तुम्ही याच बायकांबरोबर रस्त्यावर बसला असाल. मग तुम्ही परीक्षा दिलीत आणि 'मॅडम' झालात. त्यांच्या 'हो मॅडम'मध्ये थोडं अंतर आहे आणि ते तुम्हाला टोचतंय. ते पूर्वीसारखं होणार नाही, ताई. तुम्ही त्यांच्या अहवालावर सही करता, तुम्ही त्यांना नोटीस देऊ शकता. पुन्हा मैत्रीण व्हायची धडपड केलीत तर त्यांनाही अवघडल्यासारखं होईल. मानधन, पेन्शन, शासकीय दर्जा या मागण्यांवर तुम्ही आश्वासनं देऊ नका आणि वरची बाजूही लावून धरू नका. ते त्यांच्या संघटनेचं काम आहे. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तो अशाच लढण्यातून आला. तुमच्या हातात आहे ते वेगळं. मानधन अडकलं तर कुठे अडकलंय ते विचारून खरं खरं सांगणं. प्रवासभत्त्याची बिलं तुमच्या टेबलावर एक दिवसही पडू न देणं. रजा मागितली तर आधी 'का?' न विचारणं. एखादीच्या घरी मयत झालं तर तिच्या अंगणवाडीची आठवड्याची सोय तिने न मागता लावणं. हे वर्षभर करा. मग पुन्हा डबे उघडतात का बघा. कदाचित सगळ्यांचे नाही उघडणार.

आणि तुमचं काय? तुम्हालाही सत्तावीस अंगणवाड्या, स्वतःच्या पेट्रोलवर, रात्रीचे फोन, घरी मुलं असतील. तुमचं ओझं कुणी मोजत नाही. शेजारच्या बीटच्या दोघी-तिघी पर्यवेक्षिकांशी महिन्यातून एकदा बसा, नमुने वाटून घ्या, प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जायचं तर मिळून जा. एकटीने गेलं की ती तुमची अडचण असते, चौघी गेल्या की ती प्रकल्पाची होते.

आता या आठवड्याचं काम. पत्रावरून कळतं की काकूंचं रजिस्टर अजून तुमच्याकडेच असावं. येत्या सोमवारी ते घेऊन त्यांच्या गावी जा. मुलं घरी गेल्यावर जा, म्हणजे त्यांना धावपळ करावी लागणार नाही. 'राजीनामा देऊ नका' असं सुरुवातीला म्हणू नका, त्यांना राजीनामा द्यायचाय की नाही हे आपल्याला अजून माहीत नाही. आधी सांगा, 'काकू, त्या चौघींच्या नोंदी आजपासून तुमच्याकडे नाहीत. तांड्याचा कार्यभार या तारखेला निघेल, पुढची पाळी अमुकची आहे.' तारीख ठरवूनच जा. बीएलओचं काम तहसीलकडून येतं, ते लगेच निघणार नाही, तेही खरं सांगा, आणि त्यासाठी दिलेल्या पत्राची प्रत दाखवा. चुकलं ते चुकलं म्हणा, एकाच वाक्यात. मग गप्प बसा. त्या बोलतील ते ऐका, चहा ठेवतील तो घ्या. रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवा आणि उचलायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.